मॅकग्रेगर आडनाव, आणि बायबलमधलं ते ‘ड्रमंड’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मेलबर्नला राहता, पत्नीचं माहेरचं आडनाव मॅकग्रेगर. तिच्या पणजोबांचे वडील १८५०च्या दशकात स्कॉटलंडच्या पर्थशायरमधून व्हिक्टोरियात आले. सासरे सांगतात, आपण स्कॉटलंडच्या लोककथांत गाजलेल्या रॉब रॉय मॅकग्रेगरचे थेट वंशज. घरातल्या जुन्या बायबलच्या आतल्या पानावर मात्र एका पूर्वजाच्या नावापुढे ‘ड्रमंड’ लिहिलंय, आणि ती कुणाची तरी चूक असं घरात सगळे धरून चालतात. मुलीला तुमचं मराठी आडनाव आणि आईचं मॅकग्रेगर, अशी दोन्ही आडनावं लावायची आहेत. म्हणून हे आडनाव आलं कुठून, किती जुनं, किती जणांचं आणि रॉब रॉयची गोष्ट खरी का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी एडिनबरात वंशावळी शोधण्याचं काम करते. स्कॉटलंडमधून बाहेर गेलेल्या कुटुंबांची नातवंडं-पतवंडं माझ्याकडे येतात, आणि त्यांत मॅकग्रेगर बरेच असतात. तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच आहे: आडनावाचा माग काढत मागे जाता येतं का? बहुतेक आडनावांच्या बाबतीत बऱ्यापैकी जाता येतं. मॅकग्रेगरच्या बाबतीत येत नाही, कारण हे आडनाव लावण्यावर कायद्यानं बंदी होती, मधली तीसेक वर्षं सोडली तर १६०३पासून १७७४पर्यंत. म्हणून ते ‘ड्रमंड’ चूक समजून खोडू नका. तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा पुरावा कदाचित तोच असेल.

आधी उगम सांगते. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. ग्रेगर हे नाव मूळ ग्रीक, लॅटिनमधून चर्चच्या वाटेनं युरोपभर पसरलेलं. या नावाचे अनेक पोप होऊन गेले. गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या भाषेत, त्याचं ग्रिगर झालं. घराण्याचं ब्रीद आहे ‘माझं कुळ राजकुळ’, आणि त्यामागची कथा अशी की नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन याचा भाऊ ग्रेगर हा मूळपुरुष. या कथेला त्या काळचा एकही कागद नाही. कागदाचा आधार मिळतो तो चौदाव्या शतकापासून: ‘सोन्याच्या लगामांचा’ म्हणून ओळखला जाणारा एक ग्रेगर, आणि त्याचा मुलगा इयन काम, म्हणजे एकडोळ्या इयन, जो १३९० मध्ये वारला. ही वंशावळ आपल्यापर्यंत आली ती फोर्टिंगलच्या जेम्स मॅकग्रेगर या धर्मगुरूमुळे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं गेलिक कवितांचं एक मोठं हस्तलिखित जमवलं, त्यात ती आहे. म्हणजे सव्वासहाशे वर्षांचा आधार आहे, आणि तो थोडाथोडका नाही. नवव्या शतकातल्या राजाचा हट्ट धरायची गरजच नाही.

या लोकांची भूमी म्हणजे ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे आणि ग्लेनलायनची खोरी, पुढे रॅनक आणि बालक्विदर. अडचण अशी की ते तिथे राहत होते, पण जमिनीची राजानं दिलेली सनद त्यांच्या नावावर नव्हती. शेजारच्या कॅम्पबेल घराण्याला राजाकडून तशा सनदा मिळत गेल्या, १४३२ मध्ये ग्लेनऑर्की त्यांच्याकडे गेलं, तिथे किलकर्न किल्ला उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर मॅकग्रेगर दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारी कुळं म्हणून, आणि पुढे पुढे तर उपरे म्हणून राहू लागले. पुढचा सगळा रक्तपात इथून निघाला. १५७० मध्ये ग्लेनस्ट्रेच्या ग्रेगरचा शिरच्छेद झाला तो ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेलकडूनच. ग्रेगरची बायकोसुद्धा कॅम्पबेलच होती, आणि तिचा म्हणून ओळखला जाणारा विलाप गेलिक भाषेत आजही गायला जातो.

१५८९ मध्ये राजाच्या शिकारी जंगलाचा अधिकारी जॉन ड्रमंड याचा खून झाला आणि त्याचा आळ मॅकग्रेगरांवर आला. ड्रमंड हे आडनाव इथे लक्षात ठेवा. मग ७ फेब्रुवारी १६०३ला लॉक लोमंडजवळच्या ग्लेनफ्रूनमध्ये त्यांनी लस या गावच्या कहून घराण्याचा धुव्वा उडवला. शंभराहून जास्त माणसं पडली. राजा सहावा जेम्स तेव्हा इंग्लंडच्या गादीवर बसायला निघायच्या तयारीत होता. निघायच्या अगदी आधी, ३ एप्रिल १६०३ला, त्याच्या मंत्रिमंडळानं हुकूम काढला: मॅकग्रेगर हे नावच रद्द. जो लावेल त्याला देहदंड. प्रमुख अलास्टर मॅकग्रेगर याला अर्ल ऑफ आर्गाइलनं इंग्लंडात पोचवायचं वचन दिलं, सरहद्दीपलीकडे बेरिकपर्यंत नेलं, आणि तिथून माघारी आणलं. वचन अक्षरशः पाळलं गेलं होतं. जानेवारी १६०४ मध्ये एडिनबराच्या बाजारचौकात त्याला साथीदारांसह फाशी दिलं.

त्यानंतरचे नियम वाचले की अंगावर काटा येतो. चौघांहून जास्त मॅकग्रेगरांनी एकत्र यायचं नाही. मांस कापायच्या बोथट टोकाच्या सुरीखेरीज हत्यार बाळगायचं नाही. १६१७ मध्ये संसदेनं हे पक्कं केलं आणि १६३३ मध्ये पुन्हा बजावलं. दुसऱ्या चार्ल्सनं १६६१ मध्ये बंदी उठवली, कारण यादवी युद्धात हे लोक राजाच्या बाजूनं लढले होते. १६९३ मध्ये विल्यमच्या काळात ती पुन्हा लागू झाली. कायमची उठली ती १७७४ मध्ये. अठराव्या शतकात अंमल बराच सैल झाला होता हेही खरं. एखाद्या गावचा धर्मगुरू रजिस्टरात बिनधास्त मॅकग्रेगर लिहायचा, शेजारच्या गावचा लिहायचा नाही. म्हणून तारखेवरून सरसकट अंदाज बांधता येत नाही, त्या त्या पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचं, रजिस्टर उघडावंच लागतं.

आता हे लोक आडनाव म्हणून लावत काय होते? बहुधा ज्याच्या जमिनीवर राहत किंवा ज्याच्या आश्रयाला असत त्याचं, कधी आईचं. मरे, ग्रॅहम, स्ट्युअर्ट, कॅम्पबेल, ड्रमंड, ग्रेगरी, ग्रेग, ग्रँट. ज्यांनी जमीन घेतली त्या कॅम्पबेलांचं आडनाव कितीतरी मॅकग्रेगरांनी लावलं. ज्या ड्रमंडच्या खुनाचा आळ आला, त्याच आडनावाखाली त्यांचे वंशज पर्थशायरमध्ये निर्धास्त जगले, कारण क्रीफ आणि कॅलंडरच्या बाजूच्या मोठ्या जमिनी ड्रमंडांच्या होत्या. तुमच्या पत्नीचं घराणं पर्थशायरचं, आणि बायबलमध्ये ड्रमंड. हे मला योगायोग वाटत नाही.

एक प्रत्यक्ष नोंद कशी दिसते ते सांगते. अठराव्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात साधारण दोन ओळी असतात: तारीख, बापाचं नाव, आईचं तिच्या माहेरच्या आडनावासकट नाव, राहत असलेल्या वस्तीचं नाव, कधी साक्षीदार. बापाच्या नावापुढे कधी ‘ड्रमंड एलिअस मॅकग्रेगर’, म्हणजे ड्रमंड ऊर्फ मॅकग्रेगर, असं दोन्ही सापडतं. तसं सापडलं तर सोनंच. माझ्याकडे आलेल्या एका घराण्यात तेवढं भाग्य नव्हतं. थोरल्या मुलाची नोंद ड्रमंड, धाकट्याची मॅकग्रेगर. आईचं नाव तेच, वस्ती तीच, साक्षीदारांतला एक माणूस तोच. दोन्ही नोंदींच्या मधे १७७४ साल होतं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हे दोन वेगळे कुटुंबविस्तार समजले जात होते. आडनाव बाजूला ठेवून आई, वस्ती आणि साक्षीदार धरले तेव्हा ते एक घर असल्याचं दिसलं.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे: मॅकग्रेगर शोधायचे तर आडनाव सगळ्यात शेवटी बघायचं.

अर्थात, तुमचं ‘ड्रमंड’ वेगळंही असू शकतं. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावानंच लिहिली जाते, आणि मुलाच्या नावात आजोळचं आडनाव मधलं नाव म्हणून घालायची चाल एकोणिसाव्या शतकात जोरात होती. तेव्हा ते पान नीट बघा. ड्रमंड शेवटी आहे की मधे? ज्याच्यापुढे आहे तो पुरुष की बाई? त्या पानाआधी बायबलचं मुखपृष्ठ उघडून छपाईचं साल बघा. पान १७६०च्या जन्मापासून सुरू होत असेल आणि बायबल १८४० मध्ये छापलेलं असेल, तर वरच्या ओळी कुणीतरी आठवणीतून किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवल्यात, आणि त्यांना पुराव्याचं वजन कमी. शाई आणि अक्षर ओळीगणिक बदलत असेल तर नोंदी त्या त्या वेळी झाल्यात. पानाचा चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, काही पुसू नका, गिरवू नका.

रॉब रॉयबद्दल. तो खराखुरा माणूस होता. मार्च १६७१ मध्ये बुकॅनन पॅरिशमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे, आई मार्गारेट कॅम्पबेल. १६९३ची बंदी आली तेव्हा त्यानं आईचं आडनाव घेतलं आणि कागदोपत्री तो रॉबर्ट कॅम्पबेल झाला. त्याचा पुतण्या, ग्लेनगाइलचा ग्रेगर, कागदावर जेम्स ग्रॅहम होता. काका-पुतणे एका रक्ताचे, एका घरचे, आणि दोघांची आडनावं वेगळी. दोन्हीपैकी एकही मॅकग्रेगर नाही. रॉब रॉय १७३४च्या अखेरीस वारला, बालक्विदरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. मुलांपैकी जेम्स मोर १७५४ मध्ये पॅरिसला परागंदा अवस्थेत मेला आणि रॉबिन ओग त्याच वर्षी एडिनबरात फाशी गेला.

सर वॉल्टर स्कॉटची रॉब रॉयवरची कादंबरी १८१७च्या शेवटी आली आणि हे नाव जगभर झालं. तेव्हापासून परदेशात गेलेल्या प्रत्येक मॅकग्रेगर घराला तो पूर्वज हवासा वाटू लागला. सासरे खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. त्यांना ते त्यांच्या वडिलांनी सांगितलं असेल आणि मनापासून सांगितलं असेल. पण वंशज म्हणायचं तर त्याच्या एखाद्या मुलापर्यंत प्रत्येक पिढीचा कागद हवा, आणि डोंगराळ भागातली रजिस्टरं उशिरा सुरू होतात, मधे तुटतात, दफनाच्या नोंदी तर विरळाच. माझ्याकडे हा दावा घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांची साखळी अठराव्या शतकाच्या शेवटी थांबते. ‘त्याच प्रदेशातले, त्याच लोकांतले’ इथपर्यंत मात्र पुष्कळदा पोचता येतं. मुलीला तेवढं सांगितलं तरी ते खरं असेल.

आणखी एक गैरसमज काढून टाकते. क्लॅन, म्हणजे एका प्रमुखाखालचं स्कॉटिश घराणं, ही एका पुरुषाची सरळ संतती नव्हे. प्रमुखाच्या आश्रयाला आलेले, त्याच्या जमिनीवर राहणारे, त्याच्यासाठी लढणारेही त्याचं नाव लावत. आपल्याकडे सगळे कुलकर्णी एका घरातले नसतात, तसंच. हल्ली वाय गुणसूत्राच्या चाचण्यांतून हे उघडच दिसतं: कितीतरी मॅकग्रेगर पुरुष प्रमुखांच्या घराण्याशी जुळत नाहीत, आणि जुळणाऱ्यांत भलत्याच आडनावांचे पुरुष निघतात. तुम्हाला चाचणी करायची असेल तर ती पत्नीची करून उपयोग नाही, कारण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं; सासऱ्यांची किंवा मेव्हण्याची करावी लागेल. निकालानं ‘कोणत्या गटातले’ हे कळेल, ‘कोणाचे नातू’ हे कळणार नाही.

बंदी उठल्यावर काय झालं हा भाग मला मनापासून आवडतो, आणि त्यात महाराष्ट्रही येतो. कायदा रद्द झाला तेव्हा प्रमुख कोण हाच प्रश्न होता, कारण घराणी विखुरलेली आणि नावं बदललेली. ८२६ जणांनी सह्या करून लॅनरिकच्या जॉन मरेला प्रमुख मानलं. हा मरे जन्मानं मॅकग्रेगर, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या सेवेतला. त्याचा मुलगा इव्हन ब्रिटिश फौजेत होता. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, २७ फेब्रुवारी १८१८ला, सर टॉमस हिस्लॉपची फौज खानदेशात तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर आली. किल्लेदार तुळशीराम मामा यानं किल्ला सोडला नव्हता. दरवाजातून आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर शिबंदी तुटून पडली, आणि जबर जखमी झालेल्यांत हा इव्हन होता. नंतर शिबंदीची कत्तल झाली आणि तुळशीराम मामाला फाशी दिलं. जखमींच्या यादीत तो मॅकग्रेगर मरे म्हणून आहे; आडनावाच्या शेवटी अजून मरेच. १८२२ मध्ये त्याला मॅकग्रेगर हे आडनाव रीतसर लावायची राजाची परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी क्लॅन ग्रेगर सोसायटी स्थापन झाली. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात तुम्ही कधी गेलात तर थाळनेर बघून या. तुमच्या मुलीच्या दोन्ही आडनावांचा इतिहास तिथे एकाच दिवसात समोरासमोर आलेला आहे.

आता किती लोकांचं आणि कुठे. स्कॉटलंडमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी आडनावं वर्षानुवर्षं स्मिथ, ब्राऊन, विल्सन हीच आहेत. मॅकग्रेगर पहिल्या दहांत नाही, पण दुर्मीळ तर अजिबात नाही. पर्थशायर, स्टर्लिंग आणि एकोणिसाव्या शतकात कामधंद्यासाठी लोक जिथे उतरले त्या ग्लासगोच्या पट्ट्यात ते सहज भेटतं. बाहेर कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. मात्र आडनावाची मोजणी ही माणसांची मोजणी नाही. १७७४ नंतर सगळे परत फिरले नाहीत. जमिनीचे करार, कर्ज, लग्नं सगळं नव्या नावावर झालेलं होतं, आणि तीन पिढ्या ड्रमंड किंवा कॅम्पबेल म्हणून जगलेल्याला ते आपलंच नाव वाटत होतं. आजच्या कॅम्पबेल, स्ट्युअर्ट, मरे यांच्यात किती मॅकग्रेगर मिसळले आहेत ते कोणत्याही यादीतून काढता यायचं नाही. या तिन्ही आडनावांची संख्या प्रचंड असल्यानं त्यांच्यात एक घर शोधणं फार कठीण जातं. त्या मानानं ड्रमंड थोडे, ही तुमची जमेची बाजू.

स्पेलिंगबद्दल: ‘एम-सी’ लिहिणारे आयरिश आणि ‘एम-ए-सी’ लिहिणारे स्कॉटिश, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यात तथ्य नाही. एकच कारकून एकाच पानावर दोन्ही लिहितो, कधी नुसतं ‘एम’ आणि वर एक टिंबासारखी खूण. शोधताना सगळी रूपं चालवून बघा.

घरात भिंतीवर ‘फॅमिली क्रेस्ट’, म्हणजे घराण्याचं कुलचिन्ह, लावतात, त्याबद्दलही सांगते. स्कॉटलंडच्या कायद्यात कुलचिन्ह आडनावाचं नसतं, एका व्यक्तीचं असतं. ते देण्याचा अधिकार लॉर्ड लायनच्या कोर्टाचा, आणि १६७२च्या कायद्यानं त्याची सार्वजनिक नोंदवही आहे. प्रमुखाचं चिन्ह, म्हणजे मुकुट घातलेलं सिंहाचं डोकं, पट्टा आणि बकल यांच्या वर्तुळात घालून क्लॅनचा माणूस बिल्ला म्हणून लावू शकतो. सासऱ्यांकडचं तसं असेल तर आनंदानं राहू द्या.

कामाला लागायचं ते स्कॉटलंडहून नाही, तुमच्याच घराजवळून. जो पूर्वज बोटीनं आला त्याचा व्हिक्टोरियातला मृत्यूदाखला मागवा. तिथली नागरी नोंदणी १८५३ मध्ये सुरू झाली आणि जुने दाखले फार तपशीलवार आहेत: आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे झालं, मुलं कोणकोणती. माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल तर आईबापांची नावं चुकू शकतात, म्हणून माहिती देणाऱ्याचं नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागारात सरकारी मदतीनं आलेल्या प्रवाशांच्या याद्या आहेत, त्याही बघा.

त्या दाखल्यातून पॅरिशचं नाव मिळालं की स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर जा. शोध फुकट असतो, नोंदीची प्रत बघायला थोडे पैसे पडतात. पूर्वजाचं कुणी भावंड मागे राहिलं असेल आणि १८५५ नंतर वारलं असेल, तर त्याचा दाखला मिळवा: स्कॉटलंडची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली आणि मृत्यूदाखल्यावर आईबाप दोघांची नावं असतात. १८४१ आणि १८५१च्या जनगणनेत घर कोणत्या वस्तीत होतं ते सापडेल. मग पॅरिश रजिस्टरात त्या वस्तीच्या सगळ्या नोंदी काढा, मॅकग्रेगर आणि ड्रमंड दोन्ही आडनावांच्या, आणि आईच्या नावानं त्यांची जुळणी करा. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं नाव ठेवायची रीत होती. सगळे ती पाळत नसत, पण दोन आडनावांच्या नोंदी एका घरच्या आहेत का हे तपासायला तिचा फार उपयोग होतो.

मृत्यूदाखला हातात आला की त्यावरचं पॅरिशचं नाव, आईचं आडनाव आणि बायबलच्या पानाचा फोटो इथे टाका. अठराव्या शतकातलं अक्षर वाचायला सुरुवातीला जड जातं. ते वाचून द्यायला मी आहे.